ताजमहाल बागांसह पाहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या पर्यटन पुरवणीत उत्तर भारताच्या सहलींच्या जाहिराती येऊ लागतात. त्यांत आग्र्याच्या वाट्याला जेमतेम एक दिवस, कित्येकदा अर्धाच, आलेला असतो. हा अर्धा दिवस ताजमहालासाठी पुरेसा नाही, आणि तो का पुरत नाही हे वाचकांसमोर मांडावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका सहलीतून आग्र्याला गेलो होतो. दिल्लीहून बस उशिरा निघाली. ताजच्या सभोवती ५०० मीटरपर्यंत पेट्रोल-डिझेलच्या वाहनांना मनाई असते, त्यामुळे पुढे बॅटरीच्या गाडीसाठी रांग, मग तपासणीची रांग, मग कबरीच्या चौथऱ्यावर चढण्यासाठी रांग, असे करता करता हातात राहिलेल्या पाऊण तासात आईने भर उन्हात तो संगमरवर डोळे किलकिले करून पाहिला आणि ‘फोटोत दिसतो तसाच आहे’ एवढेच म्हणाली. ते वाक्य मला फार लागले. म्हणून गेल्या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो, या वेळी स्वतः आखणी करून, आणि ताजमहालाच्या आधी त्याच्या समोरच्या तीरावरची मेहताबबाग पाहिली.

हा क्रम मी मुद्दाम सुचवतो आहे. दिल्लीतील हुमायूनची कबर तिच्या चारबागेच्या, म्हणजे चार भागांत आखलेल्या बागेच्या, मधोमध उभी आहे. ताजमहाल मात्र आपल्या बागेच्या अगदी टोकाला, यमुनेच्या काठावर आहे. पुढच्या दरवाज्यातून आत शिरणाऱ्याला बाग तिथे संपल्यासारखी वाटते, पण ती नदीपलीकडे मेहताबबागेच्या रूपाने पुढे चालू राहते, कारण ही बाग ताजच्याच अक्षावर, म्हणजे त्याच्या मध्यरेषेच्या सरळ पुढे, रचलेली आहे. शहाजहानला इथे पांढऱ्या ताजसमोर काळा ताज बांधायचा होता, ही कथा आजही तिथे मोठ्या उत्साहाने सांगितली जाते. परंतु १९९० च्या दशकातील उत्खननात मेहताबबागेत सापडला तो अष्टकोनी हौद आणि त्यातली कारंजी. ताजचे प्रतिबिंब या हौदात पडावे अशी ती योजना होती. १६५२ मध्ये औरंगजेबाने शहाजहानला पाठवलेल्या पत्रात पुराचे पाणी या बागेत शिरल्याचा उल्लेख आहे. पुढे गाळाखाली गेलेली ही बाग आता पुन्हा लावण्यात आली आहे.

आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा सूर्यास्ताला तासभर अवकाश होता. नदीचे पात्र रोडावलेले, मधे वाळूचा पट्टा, त्यावर टिटव्या ओरडत होत्या. ऊन कलले तसा घुमटाचा रंग पांढऱ्यावरून पिवळसर, मग फिकट गुलाबी होत गेला, आणि खाली पात्रात त्याची थरथरती सावली उतरली. आई कठड्याजवळच्या कट्ट्यावर बसून होती. सूर्यास्ताला बाग बंद होते, त्यामुळे पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली तरी ती उठेना. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही ताजमध्ये गेलो तेव्हा काय पाहायचे हे तिला ठाऊक होते: ती भिंतीवरच्या जडावकामातील एकेका पाकळीपाशी थांबत होती.

आखणीच्या दृष्टीने काही गोष्टी जाहिरातींत सहसा नसतात. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. मात्र त्या दिवशी मेहताबबाग आणि तिच्याच तीरावरची इतर स्थळे खुली असतात. तेव्हा शुक्रवारी आग्र्यात पोहोचणाऱ्यांनी हळहळण्याचे कारण नाही. सकाळी रामबाग करावी. ती बाबराच्या काळातली मानली जाते. तिथून चिनी का रौझा ही कबर, मग नूरजहाँने आपल्या वडिलांसाठी १६२२ ते १६२८ या काळात बांधवून घेतलेली इतिमाद-उद्-दौलाची कबर, आणि संध्याकाळी मेहताबबाग. या एका दिवसात आग्र्याच्या नदीकाठी बागांची केवढी मोठी रांग होती याची कल्पना येते, आणि ताजमहाल त्या रांगेतलाच एक होता हेही उमगते. इतिमाद-उद्-दौलाची कबर आकाराने लहान आहे, पण संगमरवरातले तिचे जडावकाम ताजच्या आधीचे आहे, आणि तिथे गर्दी कमी असल्याने ते निवांत पाहता येते.

ताजचे तिकीट तीन तासांपुरतेच असते, आणि मुख्य कबरीपाशी जाण्यासाठी २०० रुपयांचे वेगळे तिकीट लागते. पहाटे जावे हा सल्ला सर्वसाधारणपणे योग्य असला तरी डिसेंबर-जानेवारीत दाट धुक्यामुळे सकाळी कित्येकदा घुमटही दिसत नाही, तेव्हा त्या दिवसांत दुपारची वेळ धरावी. पौर्णिमा आणि तिच्या आगेमागे दोन-दोन रात्री ताज चांदण्यात पाहता येतो, शुक्रवार आणि रमजान वगळून. पण अर्ध्या तासासाठी आणि दुरूनच.

आग्र्याचा किल्ला आपली मराठी मंडळी चुकवत नाहीत आणि चुकवूही नये. शहाजहान तिथेच कैदेत असताना जानेवारी १६६६ मध्ये वारला, आणि त्याच वर्षी १२ मे रोजी शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले. किल्ल्यातल्या मुसम्मन बुरुजातून नदीच्या वळणावर ताज दिसतो, तो अवश्य पाहावा. किल्ला आणि ताज यांच्या मधे शहाजहान बाग आहे. पायांत बळ असेल त्यांनी हे अंतर रिक्षाऐवजी तिच्या सावलीतून चालत जावे.

सहल आयोजकांना माझी विनंती एवढीच, की आग्र्याला एक मुक्काम द्यावा. तो जमत नसेल, तर ताजमहालाच्या आत प्रत्यक्ष किती वेळ मिळणार, तो दिवसाच्या कोणत्या प्रहरी आणि मेहताबबाग दाखवणार की नाही, या तीन गोष्टी जाहिरातीत स्पष्ट छापाव्यात. आपण पुरवणीत जाहिराती स्वीकारताना हा तपशील मागितलात, तर आई-वडिलांना एकदाच तिकडे नेऊ शकणाऱ्या कुटुंबांना पैसे भरण्याआधी त्याचा विचार करता येईल.

आपला,
एक नियमित वाचक