विंगेतसुद्धा चालत नाही?

महोदय,

आपला अंक आमच्याकडे ग्वाल्हेरला दुसऱ्या दिवशी पोचतो, म्हणून 'तुरुंग की नाट्यगृह?' हे पत्र मी काल वाचलं. आज सकाळचा चहा झाला तरी राग उतरला नाही, तेव्हा लिहितो आहे. शिळ्या कढीला ऊत म्हणा हवं तर.

पत्रलेखक म्हणतात, तोंडाला रंग फासून गुन्हेगार सुधारत नाहीत, त्यांना खडी फोडायला लावा. गृहस्थांनी जुनाच कित्ता छान गिरवला आहे. २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि दर चौघांतल्या तिघांचा खटलाच अजून संपलेला नव्हता. खडी नेमकी कोणी फोडायची, ते त्यांनीच ठरवून कळवावं.

निवृत्तीनंतर तीन वर्षं मी एका कारागृहात दर शनिवारी नाटक बसवायला जात असे. समाजसेवा वगैरे काही नाही, घरी करमत नव्हतं. संहितेच्या पिना फाटकावर काढून घेत, मग पानं सुटी होऊन दुसरा अंक पहिल्याच्या आधी यायचा. तलवार पुठ्ठ्याची, दाढी कापसाची. तिथं एक जण होता, घरचा मराठी, ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागातलाच. बराकीत पाण्याच्या बादलीवरून रोज भांडायचा. रंगमंचावर यायला साफ नकार, म्हणून त्याला प्रॉम्प्टिंगला बसवला.

हे काम काय असतं ते हौशी नाटकात राबलेल्यालाच कळेल. पानावर बोट, नजर दुसऱ्याच्या ओठांवर आणि तो अडेपर्यंत आपलं तोंड बंद. अडला की दोन शब्द द्यायचे. तिसरा दिला की नट चिडतो. पहिला महिना या गृहस्थानं सबंध वाक्यं ओरडून दिली. मग थांबायला लागला. नटानं मुद्दाम घेतलेला विराम कुठला आणि विसरला म्हणून पडलेला कुठला, हे पुढे पुढे त्याला माझ्याआधी कळायचं. बादलीवरची भांडणं बंद झाली का? कमी झाली, असं त्याच्या शेजारी झोपणारा सांगायचा. याहून मोठा दावा मी करत नाही.

तो सुटून आला तेव्हा आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकाला प्रॉम्प्टर मिळत नव्हता. हल्ली प्रत्येकाला भूमिका हवी, विंगेत बसायला कोणी तयार नाही. मी त्याला तालमीला नेलं. दोन दिवस उत्तम गेले. तिसऱ्या दिवशी मंडळाच्या सचिवांनी मला प्रसादाच्या खोलीत बाजूला घेतलं. "गुरुजी, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण तालमीला बायका-मुली असतात. लोक काय म्हणतील?" हे लोक कोण, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नाटक प्रॉम्प्टरशिवाय झालं. आमचे नायक (बँकेत मोठ्या हुद्द्यावर, चारित्र्य निष्कलंक) दुसऱ्या अंकात चार वेळा अडले. चौथ्या वेळी त्यांनी घाबरून चहा मागवला, जो नाटकात नव्हताच. विंगेतून खरोखरच चहा आला.

पुढे तो दौलतगंजात भेटला. आला होतास का, विचारलं. म्हणाला, "आलो होतो ना, गुरुजी. चपलांपाशी उभा होतो. वाक्य येत होतं मला. पण बोललो असतो तर सगळ्यांनी पलटून बघितलं असतं."

पत्रलेखकांना दाखले हवे असतील तर कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कारागृहाचा घ्या. नृत्यांगना अलकानंदा रॉय यांनी तिथल्या कैद्यांना घेऊन रवींद्रनाथांचं 'वाल्मीकी प्रतिभा' केलं. त्यात वाल्मीकी झालेला नायजेल अक्कारा पुढे बंगाली चित्रपटांत आला. परदेशातला हवा असेल तर कॅलिफोर्नियातला सॅन क्वेंटिन तुरुंग. १९ नोव्हेंबर १९५७ला सुमारे १४०० कैद्यांसमोर नाटककार सॅम्युएल बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' झालं. निवडायचं एक कारण म्हणजे त्यात स्त्रीपात्र नाही. भल्याभल्यांना न कळलेलं ते नाटक त्यांना मात्र कळलं, वाट पाहणं त्यांना कोणी समजावून द्यावं लागत नव्हतं. रिक क्लची नावाच्या जन्मठेपेच्या कैद्याला तर प्रयोगाला सोडलंही नव्हतं. त्यानं तो कोठडीत बसून ध्वनिक्षेपकावर ऐकला. मग त्यानं आतच नाटकमंडळी काढली, सुटला आणि १९७७ साली बर्लिनमध्ये खुद्द बेकेटनं त्याला घेऊन नाटक बसवलं. बेकेटला चालला. आमच्या कार्यकारिणीला विंगेतसुद्धा चालत नाही.

निदान ग्वाल्हेरकरांनी तरी असं करू नये. किल्ल्यावर दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. जहांगीरानं शिखांचे गुरू हरगोविंद यांना इथं कोंडलं होतं आणि ते सुटले तेव्हा त्यांच्या अंगरख्याची टोकं धरून कैदेतले ५२ राजेही बाहेर पडले, अशी कथा आहे. आमचे सचिव पाहुण्यांना किल्ला दाखवताना ती फार रंगवून सांगतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, लष्कर, ग्वाल्हेर

ता. क. : आपल्या बृहन्महाराष्ट्र पानावर गेल्या महिन्यात आमच्या गावाचं नाव दोनदा 'ग्वालियर' छापलंत. मराठीत ते ग्वाल्हेर आहे. प्रुफं तपासायला माणूस कमी पडत असेल तर कळवा. माझ्या माहितीत एक आहे, पानावर बोट ठेवून वाचतो.