विहिरीला पाणी आले, पण कसले?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भूजल पातळी वाढल्याची आपली बातमी वाचली. कोरडवाहू भागात ती आनंदाची खरीच, पण वर्षानुवर्षे पाटाचे पाणी पिणाऱ्या जमिनीत पाणी वर येण्याचीच धास्ती वाटते. ते दीड-दोन मीटरवर आले की मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. आमच्या खोलगट तुकड्यात उन्हाळ्यात वाफ्यांच्या कडा मीठ भुरभुरल्यासारख्या पांढऱ्या होतात.

लोक खतांना दोष देतात, पण निम्मी गोष्ट पाण्यातच असते. लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी पिण्यालाही चालते. तेच वर्षाकाठी एक मीटर दिले तर हेक्टरी एक कोटी लिटर पाण्याबरोबर पाच टन क्षार शेतात येतात! पिके त्यातले थोडेच उचलतात. निचरा असेल तर उरलेले खाली विहिरीत उतरतात आणि आपण तेच पाणी उपसून पुन्हा पिकाला देतो. पाणी मचूळ होते, साबणाला फेस येईनासा होतो. त्यात सोडियम जास्त असेल तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट व चिकट होते, मग वरचे पाणी मुरतही नाही.

खतांचा दोष वेगळा. युरियापासून बनणारे नायट्रेट मातीचे कण धरून ठेवत नाहीत, ते पाण्याबरोबर थेट खाली जाते. त्याला ना रंग, ना वास. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरचे दूध त्या पाण्यात कालवले तर तान्ह्या बाळाला धोका असतो. ‘आम्ही उकळून पितो’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांना कोण समजावणार, की उकळल्याने पाणी आटते, नायट्रेट नाही!

म्हणून विनंती, की पातळीच्या आकड्यांशेजारी त्याच विहिरींची विद्युतवाहकता (तिच्यावरून पाण्यातले क्षार किती ते कळते) आणि नायट्रेटही छापावे. नमुने दरवर्षी त्याच महिन्यात, पंप थोडा वेळ चालवून आणि बाटली त्याच पाण्याने विसळून घेतलेले असावेत. माझ्याकडे आमच्या विहिरीचे दोन अहवाल आहेत. एकावर महिना नाही, दुसऱ्यावर पाणी किती खोलीवरचे ते नाही. पाणी बिघडले की सुधारले, हे मला आजही सांगता येत नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक