मिग मशीनला खारी हवा बाधते

संपादक महोदय,

मालवणात खाडीकडेला आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पावसाळा आला की कोणी ना कोणी मिग मशीनची, म्हणजे रिळावरची वायर आपोआप पुढे सरकवत वेल्डिंग करणाऱ्या मशीनची, तक्रार घेऊन येतंच, वायर धक्के मारत येते, मधेच अडकते, आणि दुकानदार वायर ढकलणारा नवा फीडर घ्या सांगून मोकळा. अहो, आधी रीळ तर बघा! खाऱ्या हवेत तांब्याचा मुलामा असलेल्या वायरलापण गंज धरतो, तो भुगा लायनरमध्ये, म्हणजे वायर ज्या नळीतून जाते तिच्यात, साठतो, वायर पुढे सरकत नाही आणि वायर ढकलणाऱ्या रोलरपाशी सुतरफेणीसारखा गुंता होतो, मग लोक रोलर अजून आवळतात, तिथंच चुकतं. गेल्या श्रावणात मीपण तेच केलं, दोन टिपा (वायर बाहेर येते ती टोकाची तांब्याची नळी) जाळल्या, शेवटी मशीन बंद करून लायनर काढला, हवा मारली तर लाल भुकटीच भुकटी.

काम संपलं की रीळ पिशवीत बांधून ठेवा. टीप वायरच्याच मापाची, 0.8 मिमीला 0.8. वेल्डला भोकं पडली म्हणून लगेच सिलिंडरवाल्याशी भांडू नका, गणपतीआधी गेटाची कामं अंगणात चालतात आणि वाऱ्यात वेल्डला हवेपासून वाचवणारा गॅस उडून जातो, आडोशाला ताडपत्री बांधा.

संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, फुसफुसतो, त्यावर मात्र माझ्याकडे इलाज नाही, ते तेवढं ठळक छापा.

– एक वेल्डर, मालवण