आधी गळ, मग पिसं

माहीम, मुंबई

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालास, फ्लाय (गळावर पिसं-केस बांधून केलेलं खोटं आमिष) बांधायला कुठलाही गळ चालतो. नाही रे चालत. पिसं, केस, चमकी नंतर. आधी पाणी कुठलं आणि मासा कोण ते ठरव. तुला वसईच्या खाडीत जिताडा हवाय, तर ड्राय फ्लायचे बारीक तारेचे गळ डब्यातच राहू देत. ते पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या फ्लायसाठी केलेले असतात, जिताड्याच्या एका हिसड्यात सरळ होतील.

नंबर बघताना फसू नकोस. 8 पेक्षा 2 मोठा, 2 पेक्षा 1 मोठा, आणि तिथून पुढे 1/0, 2/0, 3/0 असे वाढत जातात. ‘2 एक्स लाँग’ म्हणजे दांडी लांब, ‘2 एक्स हेवी’ म्हणजे तार जाड. मात्र दोन कंपन्यांचे 1/0 जुळतीलच असं नाही. गळ शेजारी ठेवून बघ.

तू घे 1/0, स्टेनलेस, सरळ डोळ्याचा (दोरी ओवायचं भोक दांडीच्या रेषेत असलेला), नेहमीच्या दांडीचा. फार लांब दांडी तरफेसारखी काम करते, मासा डोकं झटकून गळ सोडवून घेतो. टोक आणि दांडी यांच्यामधली फट मोकळी हवी. फ्लायचं अंग जाड बांधून ती भरलीस तर मासा धरेल, पण टोक रुतणारच नाही. कार्बन स्टीलला धार चांगली असते, पण आपल्या हवेत एक ओली फ्लाय डब्यात गेली तरी शेजारच्या गंजतात. स्टेनलेस जरा बोथट मिळतो, त्याला कानशीने धार कर. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकव. घसरलं तर बोथट, अडकलं तर ठीक.

टोकामागचा उलटा काटा, फ्लाय बांधायला घेण्याआधीच दाबून सपाट कर. पक्कड टोकाच्या रेषेत धर, आडवी नको, आणि सावकाश दाब. टोक तुटलंच तर नुसता गळ जाईल, अर्ध्या तासाचं काम नाही. मग गळ व्हाइसमध्ये (बांधताना गळ धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात) त्याच्या वाकाच्या, म्हणजे वळणाच्या, खालच्या भागात पकड, टोक जबड्याबाहेर ठेव. डोळ्याला बोटाने टिचकी मार. दांडी वाकून तशीच राहिली तर तो गळ बाद.

डंबेल डोळे (डंबेलच्या आकाराचं धातूचं छोटं वजन) दांडीच्या वरच्या बाजूला बांध, म्हणजे पाण्यात फ्लाय उलटते, टोक वर राहतं आणि खारफुटीच्या मुळांत, कालवांच्या खडकांत कमी अडकतं. गळाच्या डोळ्यापासून दांडीची पाव लांबी मागे ठेव. अगदी पुढे सरकवलंस तर केस बांधायला जागाच उरत नाही. दोरा इंग्रजी आठसारखा पंधरा वेळा फिरव, मग डंबेलच्या खालून आडवे वेढे ओढून घे आणि सुपरग्लूचा एक थेंब. केस दांडीच्या अडीच पटींपेक्षा लांब नकोत, फेकताना वाकात गुंडाळतात.

2/0 घेतलास तर डंबेलही एक माप जड घे. हलकं पडलं तर फ्लाय उलटत नाही, कुशीवर लोळत येते.

तुझी,
आई