गिरणीवर ब्राझील आणणाऱ्या सारंगकाकांना

सारंगकाका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "गप बस गो" म्हणता, दळणाचा डबा उचलता आणि चालू लागता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही. वाडीत तुम्हाला सगळे सारंग म्हणूनच ओळखतात, आणि शिरोड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत बोटीवरून निवृत्त झालेले सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, काही कमी नाहीत.

ज्यांच्या घरी अलीकडे कुणाची दहावी झाली, त्यांना ठाऊक असेल की आपल्या बोर्डाचं भूगोलाचं अख्खं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोनच देशांवर आहे. माझ्या मुलीने ते पुस्तक मन लावून वाचलं आणि तिथेच ती अडकली. तिचा प्रश्न साधा होता. आपल्याकडे पाऊस माती धुऊन नेतो, म्हणून जांभ्याची जमीन निकस, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. मग ॲमेझॉनच्या खोऱ्यात वर्षभर पाऊस, मातीही निकसच, तरी तिथे एवढं रान कसं?

क्लासमधल्या सरांनी सांगितलं, पेपरात येत नाही, वेळ घालवू नकोस. इथवर ठीक होतं. पण पुढे ती वर्गात शिरली की "आली ब्राझीलची राजकन्या" सुरू झालं. चाचणीत भूगोल गेला तेव्हा तिचे मार्क मोठ्याने वाचून दाखवले. फी मात्र पूर्ण वर्षाची, आगाऊ. मुंबईहून गणपतीला आलेल्या आमच्या एका नातलगांनी तोडगा काढला : गाईड पाठ कर, भूगोलाला कसलं आलंय रडणं! त्यानंतर ती क्लासला गेली नाही. गिरणीत पोत्यावर बसायची, पुस्तक उघडं, नजर पट्ट्यावर.

तुम्ही नाचणी घेऊन आलात तो दिवस मला आठवतो, पण तो सगळा सांगत बसत नाही. तुम्ही पुस्तकावरचं नाव वाचलंत आणि म्हणालात, "सांतोस, विक्तोरिया, मनौस. खंयचा होया तुका?" तिला वाटलं थट्टा करताय. मग तुम्ही चक्कीच्या फळीवर सांडलेल्या पिठात बोटाने ब्राझील काढलात. विक्तोरियाच्या बंदरात लोहखनिज भरताना जहाजावर बसणारी लाल धूळ रेडीच्या खाणीसारखीच, हे ऐकून तिची मान पहिल्यांदा वर झाली. मनौस तर समुद्रापासून दीडेक हजार किलोमीटर आत, रानाच्या मधोमध, आणि तिथवर दर्यावरची मोठी जहाजं नदीतूनच जातात. त्या मुख्य नदीवर ब्राझीलमध्ये आजही एकसुद्धा पूल नाही. (आमच्या वहाळावरच्या साकवाला लोकप्रतिनिधींनी हे कारण अजून दिलेलं नाही, देतील.)

मग तिने तुम्हाला तोच प्रश्न विचारला. मी चक्की बंद केली होती, मला ऐकायचं होतं. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "ह्या इचारलंस ता बरा इचारलंस. पण माका म्हायत नाय. बघून सांगतंय."

काका, मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. सातवीपर्यंत शिकलेला, अर्धं जग फिरलेला माणूस दहावीतल्या पोरीला सरळ सांगतो की मला माहीत नाही. त्यात कमीपणा नाही, चिडचिड नाही, तिला गप्प करणं नाही. माझी मुलगी त्या रात्री नीट जेवली. उत्तर मिळालं नव्हतं, तरी जेवली.

आणि तुम्ही विसरला नाहीत. पुढच्या दळणाची वाट न बघता, धो धो पावसात, शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिठ्ठी घेऊन आलात. कुणा जुन्या चीफ ऑफिसरला फोन केला होतात म्हणे. तुमचं अक्षर मोठं, वाकडं, पेन्सिलीचं. त्यात लिहिलं होतं ते असं : त्या रानाचं खत मातीत कमी आणि झाडांत जास्त. पाला पडतो, लगेच कुजतो, मुळं लगेच उचलतात. तरीही पाऊस थोडं फॉस्फरस वाहून नेतोच. ती तूट भरून येते आफ्रिकेतून. चाड देशात बोदेले नावाचा सखल भाग आहे, फार पूर्वी तिथे प्रचंड तळं होतं, ते आटलं. तिथली धूळ वारा उचलतो आणि अख्खा अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनवर टाकतो. नासाच्या शास्त्रज्ञांनी 2015 साली उपग्रहाच्या मोजणीवरून अंदाज केला : वर्षाला सुमारे 2 कोटी 77 लाख टन धूळ, त्यात साधारण 22 हजार टन फॉस्फरस. पावसापुरात वाहून जातं जवळपास तेवढंच.

मुलीने वाचलं आणि विचारलं, "एवढ्या लांब धूळ जाते?" तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारून हसलात. "अगो, केप व्हर्देच्या दर्यात ह्याच धुळीक शिये घालून घालून मियां डेक धुतलो!" जन्मभर पाइप धरून जी धूळ समुद्रात सोडली ती एका रानाच्या वाटणीची होती, हे तुम्हालाही त्याच दिवशी कळलं. आणि मग पिठातल्या नकाशाचं नाकही तिला उमगलं : ब्राझीलचं पूर्वेचं टोक स्वतःच्या पश्चिम टोकापेक्षा आफ्रिकेला जवळ आहे.

त्यानंतर तुम्ही दर दळणाला काहीतरी आणलंत. पुस्तकात असलेलं, नसलेलं. काजू आपला नव्हेच, पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आणला, हे निम्म्या कोकणाला माहीत असतं. पण तिथे नाताल शहराजवळ पिरांजी गावात एकच काजूचं झाड सुमारे दोन एकरांवर पसरलंय, फांद्या वाकून जमिनीला टेकतात आणि पुन्हा मुळं धरतात, हे कुणी सांगितलं होतं? वेंगुर्ला चार आणि वेंगुर्ला सात या काजूच्या जातींची कलमं लावणारे आम्ही! आमच्याकडे बोंडू, म्हणजे काजूची फळं, झाडाखाली कुजतात, तिथे लोक त्याचा रस आवडीने पितात. बदल्यात त्यांना आपल्याकडचे आंबा आणि फणस मिळाले. रिओ शहराला लागून तिजुका नावाचं रान आहे. कॉफीच्या मळ्यांसाठी डोंगर तासले, झरे आटले, शहराला पाणी पुरेना, तेव्हा 1861 पासून तिथल्या बादशहाच्या हुकमाने तिथे झाडं पुन्हा लावली गेली. आज त्या रानात फणस एवढा माजलाय की तिथल्या मूळ झाडांना तो जड जातो. माझ्या सासूबाई हे ऐकून म्हणाल्या, "फणस जड? हाडा हय!"

रबराचं बी 1876 साली एका इंग्रजाने त्याच ॲमेझॉनमधून लंडनला नेलं आणि तिथून ते आशियात पसरलं. दोडामार्गात केरळचे लोक जे रबर लावतात त्याचं मूळ तिथे. आणि गोव्याचं ऐकून तर मीच चक्की थांबवली. नेपोलियनच्या भीतीने पोर्तुगालचा दरबार 1808 साली रिओला जाऊन बसला आणि 1821 पर्यंत तिथेच राहिला. म्हणजे तेरेखोलच्या पलीकडे राज्य करणाऱ्यांचा दरबार तेव्हा ब्राझीलमध्ये होता.

हे सगळं परीक्षेत आलं का? नाही. मार्क पडले का? पडले, चांगले पडले. काका, बाजारात क्लासचा फ्लेक्स लागलाय, त्यावर माझ्या मुलीचा फोटो आहे. "आमचे यशस्वी विद्यार्थी." तिला गणपतीनंतर तिथे कुणी पाहिलेलं नाही. मी तो उतरवायला सांगणार होते, पण ती म्हणाली, राहू दे, पावसात आपोआप फाटेल.

तुमच्यासारखी माणसं गावोगाव आहेत, हे मी गिरणीवर बसून रोज बघते. कुणी म्हातारीचा डबा घरपोच करतं, कुणी दुसऱ्याच्या पोराला उतारा वाचून दाखवतं, आणि यांचे फ्लेक्स कुणी लावत नाही. त्यांना लागतही नाहीत बहुतेक. शिकवण्याचा धंदा करणाऱ्यांनी निदान तुमचं एक वाक्य उसनं घ्यावं, "माका म्हायत नाय, बघून सांगतंय" हे. फी वाढवा हवी तर, पण ते वाक्य घ्या.

ती चिठ्ठी तिने दहावीच्या पुस्तकात ठेवली आहे. पुस्तक रद्दीत द्यायला काढलं तर माझ्यावर ओरडली.

आता तिचा नवा प्रश्न. फणस तिथे रान खातो, मग हजारो वर्षं आपल्याकडे असून इथे का नाही खात? मी सांगितलं, इथे आपणच त्याला खातो. तिला हे पटलेलं नाही. सारंगकाकांना विचारीन म्हणाली.

सोमवारी गिरण बंद असते. एरवी कधीही या. दळण नसलं तरी.

तुमची,
गिरणवाली