परीक्षण येते तोवर चित्रपट उतरलेला असतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माहितीपटाला किंवा वेगळ्या वळणाच्या चित्रपटाला मुंबईत बहुधा आडवेळेचा एखादाच खेळ मिळतो आणि शुक्रवारी लागलेला चित्रपट पुढच्या गुरुवारी उतरतो. अशा वेळी त्याचे परीक्षण रविवारच्या पुरवणीसाठी राखून ठेवणे म्हणजे त्याचे ऐन दिवस वाया घालवणे होय. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला, तरी मी तो उपनगरात मंगळवारी सकाळी पाहिला तेव्हा प्रेक्षागृहात आम्ही नऊ जण होतो, त्यातले दोघे बहुधा गारव्यासाठी आलेले.

नंतर वाचलेल्या परीक्षणांत पुरस्काराचे कौतुक भरपूर होते. पण घराची कागदपत्रे नाहीत म्हणून बिल्डर जिला हुसकावू पाहतो, ती रुग्णालयातली स्वयंपाकीण छाया कदम यांनी किती संयमाने उभी केली आहे, याला जेमतेम एक ओळ होती. चाळीत वाढलेल्या वाचकाला नेमके तेच हवे असते.

तेव्हा अशा चित्रपटांचे परीक्षण शुक्रवारीच, चित्रपटगृह, वेळ आणि उपशीर्षकांची भाषा यांसह छापावे, ही विनंती. तारे किती द्यायचे, ते नंतर ठरवले तरी चालेल.

– एक वाचक, दादर