गार पाण्याला भिता, मग पत्र्याखालच्या उन्हाला का नाही?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी कसबा बावड्यात राहतो, पेपर रोज वाचतो पण पत्र पहिल्यांदाच लिहितोय. विषय गरोदर बायका आणि उन्हाळा हा आहे. पुरुषमाणसानं यावर कशाला लिहावं असं कुणाला वाटलं तर वाटू दे, कारण चार वर्षांपूर्वी माझी बहीण सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिला वरची खोली मीच दिली होती. वर पत्रा, आणि एप्रिल महिना. खाली माणसांची वर्दळ असते, वर तिला निवांत पडता येईल, एवढाच विचार केला. दुपारी त्या खोलीत पाय टाकला की तव्याजवळ बसल्यासारखं व्हायचं आणि रात्री बारा वाजले तरी भिंती गरमच. ती म्हणायची, दादा माठातलं पाणी दे. आई खालून ओरडायची, गार पाणी देऊ नको रे, बाळाला कफ होतोय. फॅनसुद्धा एकवरच.

भाची 35 व्या आठवड्यात झाली. श्वास नीट घेईना म्हणून काही दिवस काचेत ठेवली होती. आता जरा सर्दी झाली की छातीत घरघर सुरू होते, वाफ द्यायचं मशीन घरातच घेऊन ठेवलंय. हे उन्हामुळंच झालं असं मी म्हणत नाही, डॉक्टरांनीही सांगितलं की एका बाळाबद्दल असं कुणी ठामपणे सांगू शकत नाही. पण त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो आणि वाटलं की आम्ही भीत होतो भलत्याच गोष्टीला.

माठातलं पाणी आईच्या पोटात गेलं की अंगाइतकंच कोमट होतं, ते बाळाच्या छातीपर्यंत गार पोचत नाही. उन्हाचं तसं नाही. अंग तापलं की शरीर रक्त कातडीकडं वळवतं, घामातून पाणी जातं आणि वारेकडं, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या अवयवाकडं, जाणारं रक्त कमी पडू शकतं. आणि फुप्फुसं तयार व्हायचा काळ नेमका हाच. साधारण 24 व्या आठवड्यापासून बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ बनायला लागतो, ज्याच्यामुळं हवेच्या बारीक पिशव्या श्वास सोडल्यावर मिटून चिकटत नाहीत, तो पुरेसा व्हायला 35 आठवड्यांच्या आसपास होतात. म्हणजे आपल्याकडं लेक सातव्यात माहेरी येते तेव्हा हे काम अर्ध्यावरच असतं. 27 देशांतले 70 अभ्यास एकत्र करून 2020 साली एक शोधनिबंध आला, त्यात तापमान 1 अंशानं वाढलं की वेळेआधी बाळंतपणाची शक्यता सरासरी 5 टक्क्यांनी आणि उष्णतेच्या लाटेत 16 टक्क्यांनी वाढलेली दिसली. 2023 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलचा अभ्यास आला, 343 आया आणि त्यांची बाळं. 20 ते 35 आठवड्यांत आणि जन्मानंतरच्या पहिल्या 4 आठवड्यांत ज्यांना जास्त उष्णता सोसावी लागली त्यांच्यातल्या मुलींचा श्वास जलद चालत होता आणि श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा कमी होती. मुलग्यांत तसं दिसलं नाही. आणि ग्रेनोबल म्हणजे आल्प्सच्या कुशीतलं गाव हो, आपल्या मे महिन्यापुढं ते काय.

जन्मानंतरचे 4 आठवडे हे वाचून तर मला आमची बाळंतिणीची खोली आठवली. खिडक्या बंद, बाळाचे कान बांधलेले, खाटेखाली शेगडी आणि त्यावर ओवा-शेपाची धुरी. थंडीत शेक ठीक आहे, पण मे महिन्यात? आणि धूर तर कुठल्याच महिन्यात नको.

आम्हाला निदान खोली बदलता आली. ऊसतोडीला येणाऱ्या बायकांना तेही नाही, फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात पोटुशी बाई मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढताना मी आमच्या शिवारात बघितलीय. तामिळनाडूत 800 गरोदर बायकांचा अभ्यास झाला, त्यात कामावर जास्त उष्णता सोसणाऱ्यांमध्ये गर्भपाताचा धोका दुपटीच्या आसपास होता.

माझं मागणं मोठं नाही. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांनी ही खोली पत्र्याची आहे का, दुपारी पोरगी कुठं झोपते, एवढं विचारावं, आणि ते पोरीला नाही तर तिच्या आईला नाहीतर सासूला बसवून सांगावं, कारण माठाची आणि फॅनच्या बटणाची मालकी त्यांच्याकडं असते. सरकारी दवाखान्यातली गरोदर बायकांची दर महिन्याच्या 9 तारखेची तपासणी उन्हाळ्यात सकाळी लवकर सुरू व्हावी, बायका बारा वाजता रांगेत ताटकळू नयेत. तुमच्या पेपरनंही उष्माघाताच्या बातमीत म्हाताऱ्या माणसांसोबत गरोदर बायकांचं नाव घ्यावं.

या महिन्यात चुलत बहीण सातव्यात आमच्याकडं येतीय. तिला खालची खोली दिलीय, वरच्या पत्र्याला पांढरा चुना मारलाय. आईनं परवा स्वतः बाजारातून नवीन माठ आणला आणि तिच्या खाटेजवळ ठेवला.

आपला,
एक मामा, कसबा बावडा, कोल्हापूर